१९७२ च्या सेंटवरील डाय-खुणा : कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १९७२ साली पाडलेल्या एक सेंटच्या नाण्यांमध्ये (पेनींमध्ये) दुहेरी डायचे, म्हणजे डबल डायचे (डाय म्हणजे नाण्यावर आकृती उमटवणारा पोलादी ठसा), अनेक प्रकार आहेत. ते डोळ्यांना दिसणाऱ्या दुहेरीपणावरून नव्हे, तर डायवरच्या खुणांवरून एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात का, हे हातात नाणी घेऊन तपासायचे ठरवले आहे. हाच उद्योग कोणी पुढे हाती घेतला तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवत आहे. मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे ही नाणी बँकेत दर्शनी किमतीला मिळतात.

आवश्यक तेवढेच आधी लिहून ठेवतो. त्या काळी डाय एका दाबात पूर्ण होत नसे. हबवरची (हब म्हणजे ज्यावरून डाय तयार होते तो मूळ पोलादी साचा) उंच आकृती डायच्या पोलादात एकदा दाबून उतरवली की पोलाद कठीण होई, ते तापवून मऊ करावे लागे आणि मग पुन्हा तोच हब त्याच जागी दाबावा लागे. दुसऱ्या वेळी डाय किंचित फिरलेली किंवा सरकलेली असेल, तर अक्षरे दोनदा उमटत आणि त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा येई. डाय-खुणा मात्र बहुतेक त्यानंतरच्या असतात : डाय घासताना राहिलेल्या रेघा, हत्याराचा खोल ओरखडा, वापरामुळे पडलेली चीर, मध्ये नाणे नसताना दोन डाय एकमेकींवर आपटल्याचे ठसे. या खुणा त्या एका डायच्याच असतात. दुसऱ्या डायवर त्या तंतोतंत तशाच, त्याच जागी येण्याचा संभव जवळजवळ नाही.

खर्च : बँकेतून अडीच हजार सेंटचे एक खोके, २५ डॉलर. तपासून झाल्यावर ही रक्कम परत मिळते. दहापट भिंग घरात होते. यूएसबीवर चालणारा सूक्ष्मदर्शक ३५ डॉलरला घेतला.

७ जानेवारी

खोक्यातली नाणी निवडली. १९८२ पूर्वीचे सेंट ९५ टक्के तांब्याचे असून त्यांचे वजन ३.११ ग्रॅम असते; १९८२ मध्येच बदल सुरू झाला आणि त्यानंतरचे तांब्याचा मुलामा दिलेले जस्ताचे सेंट २.५ ग्रॅमचे आहेत. त्यामुळे वजनकाट्याने आधी दोन ढीग करता येतील असे वाटले होते. पण साल वाचणे त्याहून जलद होते. वजन करण्यात सकाळचे दोन तास गेले आणि हाती काही लागले नाही. वजनकाटा नकली नाण्याचा संशय येईल तेव्हाच बाहेर काढावा.

१९७२ ची नाणी निघाली ती फारच थोडी. त्यांतली निम्मी सालाखाली ‘डी’ असलेली, म्हणजे डेन्व्हरची होती. ती बाजूला ठेवली. फिलाडेल्फियाच्या तेव्हाच्या सेंटवर टांकसाळीचे अक्षर नसते.

१४ जानेवारी

पुन्हा एक खोके, पुन्हा तीच गत. १९७२ साली एकट्या फिलाडेल्फियात जवळजवळ २९३ कोटी सेंट पाडले गेले. एका डायकडून लाखो नाणी निघतात हे धरले तरी या सालासाठी हजारो डाय लागल्या असणार, आणि खोक्यातून हाताला लागलेली मूठभर नाणी प्रत्येकी निराळ्या डायची असणार. दुहेरी डायचे नाणे शोधायला बँकेचे खोके ठीक आहे, कारण तेथे एकच नाणे पुरते. खुणा शिकायला मात्र एकाच डायची अनेक नाणी शेजारी-शेजारी ठेवून पाहावी लागतात. शिवाय पन्नास वर्षे हातोहात फिरलेल्या नाण्यावरच्या बारीक रेघा झिजून गेलेल्या असतात. ज्या रेघा शोधायच्या त्याच आधी नाहीशा होतात.

ही वाट येथेच सोडली. नाणी बँकेत परत भरली.

२० जानेवारी

नाण्यांच्या प्रदर्शन-विक्रीला गेलो आणि १९७२ चे, न वापरलेले, बँकेच्या मूळ कागदात गुंडाळलेले रोल घेतले. एका रोलमध्ये पन्नास नाणी असतात आणि ती पुष्कळदा टांकसाळीच्या एकाच पिशवीतून आलेली असतात, म्हणून त्यांत एकाच डायच्या जोडीची नाणी सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. रोलला चार डॉलर पडले. पन्नास सेंटच्या नाण्यांना ही किंमत जास्त वाटेल, पण या कामासाठी मी केलेला हाच सर्वांत उपयोगी खर्च ठरला.

त्याच ठिकाणी १९७२ च्या, संग्राहकांच्या याद्यांत पहिला क्रमांक दिलेल्या दुहेरी डायचे, थोडे वापरलेले आणि एका बाजूला डाग पडलेले एक नाणे १७० डॉलरला घेतले. संग्रहासाठी कोणी ते घेतले नसते. मला ते ताडून पाहण्यासाठी हवे होते आणि डागामुळे ते परवडले.

२१ जानेवारी

कालच्या नाण्याचे वर्णन. दर्शनी बाजूवर लिंकनचे चित्र असते; तेथले साल, लिंकनच्या मानेमागचे ‘लिबर्टी’ आणि वरच्या कडेचे ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे सारे साध्या डोळ्यांना दुहेरी दिसते. भिंगाखाली दोन्ही छापा सारख्या उंचीच्या, गोलसर आणि पूर्ण आहेत. अक्षरांच्या कोपऱ्यांत त्या एकमेकींपासून सुटतात तेथे स्पष्ट खाच दिसते.

खूण मागच्या बाजूला आहे. ‘युनायटेड’ या शब्दातल्या शेवटच्या ‘डी’ अक्षराच्या वर, कडेला लागून एक लहान, जाडसर उंचवटा आहे. डायवर पडलेल्या खोल ओरखड्यात नाण्याचा धातू शिरल्यामुळे तो उंच आला आहे. पहिल्या क्रमांकाच्या डायची ही सर्वमान्य खूण आहे. कुठे पाहायचे हे ठाऊक असूनही ती दिसायला बराच वेळ लागला, कारण कडेच्या सावलीत ती हरवते. नाणे तळव्यावर तिरपे धरून हळूहळू फिरवल्यावर ती एकदम लकाकली. एकदा दिसल्यावर मात्र नजर आपोआप तेथे जाते.

एका यादीतला क्रमांक दुसऱ्या यादीत तसाच असतो असे नाही. नाण्यांवरच्या दोषांची नोंद ठेवणाऱ्या कोनेका या संस्थेच्या नोंदीतला क्रमांक निराळा आणि बाजारात रूढ असलेला ‘एफएस-१०१’ हा क्रमांक निराळा. वहीत क्रमांक लिहिताना तो कोणत्या यादीतला आहे हे शेजारी लिहिलेच पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांनी स्वतःचीच नोंद आपल्याला लागत नाही.

२७ जानेवारी

यूएसबी सूक्ष्मदर्शकाने फार निराश केले. त्याच्या भिंगाभोवती दिव्यांची गोल माळ आहे आणि तिचा प्रकाश चहूकडून सारखाच पडतो. चित्र स्वच्छ येते, पण त्यात उंच आणि खोल यांतला फरक उरत नाही. या कामात तर सगळा निर्णय तेथेच अडतो : डायवरचा ओरखडा खोल असतो म्हणून नाण्यावर तो उंच येतो, आणि नाण्याला नंतर पडलेला ओरखडा खोलच असतो. रेघ उंच असेल तर ती डायची असू शकते. खोल असेल तर ती खिशातल्या किल्ल्यांची किंवा मोजणीयंत्राची आहे आणि तिचा विचार तेथेच थांबवावा.

माळ काळ्या चिकटपट्टीने झाकली आणि टेबलावरचा साधा दिवा एका बाजूने, नाण्याच्या पातळीपासून थोडाच वर, तिरपा लावला. आता डावीकडून प्रकाश आला की उंचवट्याची डावी बाजू उजळते आणि उजवीकडे सावली पडते. खोल ओरखड्यात हे उलट होते, म्हणजे उजवी भिंत उजळते.

३ फेब्रुवारी

तिरप्या प्रकाशातही एक अडचण उरली. काही छायाचित्रांत उंच अक्षरे खोल दिसू लागली आणि पुन्हा पाहिल्यावर उंच. प्रकाश वरून येतो असे डोळे गृहीत धरतात. छायाचित्र फिरवले किंवा दिवा खालच्या बाजूला गेला की उंच-खोल यांची अदलाबदल होते. रोलमधल्या ज्या नाण्यांवर मी ‘उंच रेघ’ असे लिहिले होते त्यांतली काही या भासामुळे लिहिली गेली होती, म्हणून आठवड्याचे सगळे काम पुन्हा तपासावे लागले.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो पहिल्या दिवसापासून करावा. दिवा नेहमी चित्राच्या वरच्या डाव्या बाजूला ठेवावा, आणि संशयित रेघेचा फोटो घेताना शेजारचे एखादे अक्षर चौकटीत यायलाच हवे. अक्षर उंच असते यात शंका नसते. रेघेवरची उजेड-सावली अक्षरासारखी असेल तर रेघ उंच, उलटी असेल तर खोल. मग डोळ्यांना काय भास होतो याला महत्त्व राहत नाही.

खर्च : जुना, दोन डोळ्यांनी पाहायचा सूक्ष्मदर्शक १८० डॉलर. दोन्ही डोळ्यांना खोली थेट कळते. ज्यांना शक्य असेल त्यांनी यूएसबीवाल्यावर पैसे न घालवता थोडे थांबून हाच घ्यावा.

११ फेब्रुवारी

खुणेची जागा कशी लिहायची हा प्रश्न लागला. पारदर्शक कागदावर घड्याळाची तबकडी आणि वर्तुळे छापून ती १९.०५ मिलिमीटर व्यासाच्या नाण्याच्या मोठ्या छायाचित्रावर ठेवून पाहिली. भिंगामुळे कडेचा भाग ताणला जातो, नाणे सरळ ठेवण्यात दरवेळी थोडी चूक होते, आणि एकच रेघ कधी दहाच्या तर कधी साडेदहाच्या जागी येते. अचूक दिसणारी पण खोटी मोजमापे वहीत साठत गेली. ती पद्धत सोडली.

आता जागा अक्षरांवरून लिहितो. उदाहरणार्थ : ‘लिबर्टीतल्या बी आणि ई यांच्या मधल्या जागेच्या खाली, लिंकनच्या मानेकडे उतरणारी, बी च्या उंचीच्या निम्म्या लांबीची रेघ.’ वाक्य लांब होते, पण दुसरा माणूस दुसऱ्या भिंगातून त्याच जागी पोचतो. शेजारच्या सहकाऱ्याला, ज्याने आयुष्यात नाणी पाहिलेली नाहीत, असे वर्णन वाचून रेघ शोधायला सांगितले. त्याने ती मिनिटभरात दाखवली.

१८ फेब्रुवारी

साताऱ्याहून धाकट्या भावाने पाच रुपयांच्या नाण्याचे छायाचित्र पाठवले. सालाखाली मुंबई टांकसाळीची हिऱ्याची खूण आहे आणि अंक दुहेरी दिसतात. “दादा, हे तुझ्या पेनीसारखंच आहे ना?” असे त्याने विचारले होते. ते तसे नाही. अंकांची दुसरी कड सपाट, पायरीसारखी आहे आणि मूळ अंक तेवढाच बारीक झाला आहे. नाणे पाडताना दाबाच्या शेवटच्या क्षणी डाय सैल हलली आणि तिने नुकताच उमटलेला अंक खरवडला, एवढेच येथे घडले. हा दोष डायमध्ये नसून त्या एका आघातात आहे, म्हणून पुढच्या नाण्यावर तो तसाच येईल असे नाही. दुहेरी डायमध्ये अक्षर जाड होते. येथे ते खरवडून अरुंद होते. भारतात नाणी तपासणाऱ्यांनी सर्वांत आधी ही परीक्षा करावी, कारण दुहेरी म्हणून दाखवली जाणारी बहुतेक नाणी येथेच बाद होतात. मग खुणा शोधण्याचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक गफलत जुन्या, थकलेल्या डायमुळे होते. धातू वाहत जाऊन डायच्या अक्षरांच्या कडा खचतात आणि नाण्यावर अस्पष्ट, फुगीर सावली येते. १९५५ च्या सेंटमध्ये शेवटच्या पाचाभोवती अशी सावली असलेली नाणी पुष्कळ आहेत आणि ती ‘गरिबाची डबल डाय’ या नावाने विकली जातात. १९५५ च्या खऱ्या दुहेरी डायच्या सेंटशी त्यांचा संबंध नाही. त्या खऱ्या नाण्याच्या मागच्या बाजूला ‘सेंट’मधल्या ‘टी’ च्या उभ्या दांड्याच्या डावीकडे डायच्या बारीक रेघा असतात, आणि नकली नाणी ओळखताना त्या प्रथम पाहिल्या जातात.

२४ फेब्रुवारी

आजचा दिवस या सगळ्या कामाचा गाभा ठरला.

एका रोलमध्ये ‘लिबर्टी’च्या अक्षरांना किंचित जाडी आणि कोपऱ्यांत बारीक खाचा असलेली काही नाणी निघाली. दुहेरीपणा इतका थोडा की त्यावरून ती एकाच डायची आहेत असे म्हणण्याचे धाडस झाले नसते. त्यांना वहीत ‘क’ गट असे नाव दिले. कोणत्याही यादीतला क्रमांक मी त्यांना लावलेला नाही.

पहिल्या नाण्यावर लिंकनच्या मानेमागे, ‘लिबर्टी’च्या खाली दोन समांतर उंच रेघा आहेत, केसाहून बारीक, एक दुसरीपेक्षा थोडी लांब. दुसऱ्यावर त्याच दोन रेघा, त्याच अंतरावर, पण फिकट. शिवाय वरच्या कडेपासून लिंकनच्या डोक्याकडे उतरणारी चिरेची लहान सुरुवात आहे. तिसऱ्यावर लहान रेघ पूर्ण गेली आहे, लांब रेघेचा तुकडा उरला आहे, आणि चीर बरीच पुढे आली आहे. नाणी या क्रमाने टेबलावर मांडली तेव्हा एका डायचे वय समोर दिसू लागले. घासल्याच्या रेघा उथळ असतात, म्हणून डाय वापरात झिजली की त्या पुसल्या जातात. चीर मात्र वाढतच जाते, मागे जात नाही. रेघा कमी होत जाणे आणि चीर वाढत जाणे, या दोन्ही खुणांनी एकच क्रम दिला, म्हणून तो मला खात्रीचा वाटतो.

मग एक नाणे असे निघाले की त्यावर रेघा मुळीच नाहीत. केवळ रेघांची यादी हातात असती तर मी ते ‘क’ नाही म्हणून फेकले असते. त्यावर चीर होती, तिसऱ्या नाण्यापेक्षा लांब, पण तिच्या पहिल्या भागातले वळण तेच. ते याच डायचे, उतरत्या वयातले नाणे आहे. खूण सापडली तर डाय ओळखता येते. खूण सापडली नाही एवढ्यावरून डाय वेगळी ठरत नाही. ती खूण कोणत्या वयात असते आणि कोणत्या वयात नसते हे ठाऊक असले तरच तिच्या अभावाला अर्थ येतो. वाचायला मिळणाऱ्या बऱ्याच वर्णनांत खुणेची जागा दिलेली असते, वय दिलेले नसते. ते दिलेच पाहिजे असे माझे ठाम मत झाले आहे.

२५ फेब्रुवारी

कालच्या नाण्यांची मागची बाजू पाहिली. पहिल्या तिन्हींवर तेथल्या लिंकन स्मारकाच्या चित्रातल्या पायऱ्यांजवळ एक तिरपी उंच रेघ आहे. चौथ्यावर ती नाही, आणि झिजून गेली म्हणावे तर तेथली पार्श्वभूमी पहिल्या नाण्यांपेक्षा अधिक ताजी, अधिक चकचकीत आहे. म्हणजे मागची डाय मध्येच बदलली आणि दर्शनी डाय तशीच चालू राहिली. टांकसाळीत दोन्ही डाय एकदम बदलल्याच पाहिजेत असे नसते.

याचा परिणाम १९७२ च्या पहिल्या क्रमांकाच्या नाण्यालाही लागू होतो. त्याची प्रसिद्ध खूण मागच्या बाजूला आहे आणि दुहेरीपणा दर्शनी बाजूला. ‘डी’वरच्या उंचवट्याने मागची डाय ओळखली जाते, दर्शनी डाय त्याने सिद्ध होत नाही. दर्शनी बाजूचा ठळक दुहेरीपणा आणि मागची खूण या दोन्ही गोष्टी एका नाण्यावर भेटल्या तर शंका उरत नाही. दर्शनी बाजू साधी असताना केवळ मागच्या खुणेवर कोणी नाणे विकत असेल, तर पैसे देऊ नयेत.

२ मार्च

एका विक्रेत्याकडून टपालाने आलेली नाणी मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत होती आणि त्यांच्यावर हिरवट चिकट थर चढला होता. बारीक रेघा त्याखाली दिसत नाहीत, आणि थराच्याच कडा उंच रेघांसारख्या दिसतात. शुद्ध ॲसिटोनमध्ये काही वेळ बुडवून, न घासता, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून काढून वाळवली. ॲसिटोन धातूला धक्का लावत नाही, थर तेवढा विरघळतो. काम खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर करावे. कापडाने पुसण्याचा मोह टाळावा. एका पुसण्याने नाण्यावर शेकडो खोल रेघा येतात आणि नाण्याची किंमतही जाते. आता सगळी नाणी पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवतो.

९ मार्च

मित्राने १९८४ आणि १९९५ चे सेंट पाहायला दिले. १९८४ च्या दुहेरी डायमध्ये लिंकनच्या कानाच्या पाळीखाली दुसरी पाळी दिसते. १९९५ मध्ये ‘लिबर्टी’ आणि वरचे बोधवाक्य दुहेरी असते. ही जस्ताची नाणी असल्यामुळे येथे निराळी सावधगिरी लागते. मुलाम्याखाली वायू अडकून फोड येतात, कधी ते रांगेत येऊन उंच रेघेसारखे दिसतात. अक्षरांच्या कडेला मुलामा फाटून आतले करडे जस्त दिसते आणि दुहेरीपणाचा भास होतो. फोड दुसऱ्या नाण्यावर त्याच जागी येत नाही. म्हणून जस्ताच्या नाण्यावरची कोणतीही उंच रेघ किमान दोन नाण्यांवर दिसल्याशिवाय मी ती डाय-खूण म्हणून लिहीत नाही. तांब्याच्या नाण्यांनाही आता हाच नियम लावला आहे आणि त्यामुळे वहीतल्या बऱ्याच ‘खुणा’ खोडाव्या लागल्या.

१६ मार्च

आतापर्यंतचा न परतणारा खर्च : दोन सूक्ष्मदर्शक, ताडण्याचे नाणे, रोल, ॲसिटोन आणि चौकटी मिळून सुमारे साडेचारशे डॉलर. पहिल्या क्रमांकाचे नवे नाणे रोलमध्ये सापडलेले नाही.

नोंदीचा नमुना असा ठरला आहे. आधी दुहेरीपणा : कोणती अक्षरे, कोणत्या दिशेने, कोपऱ्यात खाच आहे की पायरी. नंतर दर्शनी बाजूच्या खुणा, त्याखाली मागच्या बाजूच्या, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत. प्रत्येक खुणेपुढे ती उंच असल्याची खात्री कशावरून केली, किती नाण्यांवर पाहिली, आणि डायच्या सुरुवातीच्या, मधल्या की शेवटच्या काळातली हे लिहायचे. छायाचित्राच्या नावात साल, गट, बाजू आणि दिव्याची दिशा येते. ‘क’ गटाची छायाचित्रे या पद्धतीने पुन्हा काढून झाली. ती आता प्रकाशित याद्यांशी एकेक करून ताडत आहे, आणि उरलेल्या रोलमध्ये पायऱ्यांजवळची ती तिरपी रेघ साध्या दर्शनी बाजूबरोबर कोठे भेटते का ते पाहत आहे.